उंदराच्या पाठीत वार

नाही हो भाऊ, बिअर नाही. — गुआरानाचं सरबत पण नाही. — आणि आइस्क्रीमची कांडी तर नाहीच नाही. काय बाई लोक तरी! थर्माकोलचा डबा मांडीवर दिसला की झालं, आली विकायला. मघाशी बोटीच्या त्या तिकडच्या बाकावर बसले होते, तर एक बाई आपल्या पोराला म्हणते, जा, आजीकडून नारळाची कांडी घेऊन ये — आणि ते पोरगं सरळ झाकणालाच हात घालतंय! दिली एक चापटी. तर त्याची आई मलाच बोलायला लागली. म्हणून उठून इथे आले, तर इथे तुम्ही. — बसा, बसा, उठू नका, रागावले नाही मी. उकडतंय, तहान लागते माणसाला, कळतं. आत बर्फ आहे हेही खरं. पण त्या बर्फात जे आहे ते काही प्यायचं नाही. — वार आहे. — वार हो, वार! बाळामागून पडते ती. माझ्या नातवाची. काल दुपारी झाला, साडेतीन किलोचा, डोक्यावर हे एवढं जावळ. — अहो, असे सरकता काय? धुतलेली आहे, दोन पिशव्यांत बांधलेली आहे, चावत नाही. तुम्ही जन्माला आलात तेव्हा तुमच्यामागूनही आलीच होती की, तेव्हा नाही वाटली किळस!

कुठे चाललेय म्हणजे? युनिव्हर्सिटीत. त्या बेटावर प्रयोगशाळा आहे ना मोठी, तिथे. वारेतून औषध काढतात ते लोक, मणक्याचं. खोटं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. — हे बघा, पाठीचा मणका मोडला, आतली दोरी तुटली, की खालचं अंग गेलं, बरोबर? पाय असतात, रक्त फिरतं, नखंसुद्धा वाढतात, सगळं जागच्या जागी, फक्त डोक्यातला निरोप खाली पोचत नाही. तर ती दोरी परत वाढवायची. कशानं? वारेतल्या प्रोटीननं. लॅमिनिन नाव त्याचं. — मला कोणी सांगितलं? तायनारानं. तायनारा त्या प्रयोगशाळेत शिकते आणि दर शुक्रवारी माझ्याकडे नखं करून घेते. मी नखं करते ना लोकांची, चौकातल्या पार्लरमध्ये. लेउझाबाई, दोना लेउझा म्हणून विचारा, कोणीही सांगेल. आणि एक सांगते भाऊ, पॉलिश ओलं असताना माणूस पळून जाऊ शकत नाही. दहा बोटं अशी पसरून बसावंच लागतं. तेवढ्या वेळात मी त्या पोरीकडून सगळं काढून घेतलंय. त्यातलं समजलं किती ते विचारू नका.

— तुमचा हात बघू. — बघू हो, लाजता काय? — अरे देवा! हे काय आहे? दातांनी कुरतडता? एवढा शर्ट इस्त्रीचा, बूट चकचकीत, आणि बोटं बघा, भिकाऱ्याची असावीत तशी. द्या इकडे. — पैसे नकोत हो मला. माझ्या हाताला काहीतरी काम लागतं, नाहीतर मी सारखी झाकण उघडून आत बघत बसते. पर्समध्ये सगळं सामान असतं माझ्या. डबा असा मधे ठेवू या, आणि त्यावर हात ठेवा. — ठेवा हो, टेबल समजून ठेवा, ती काय आतून हात पकडणार आहे तुमचा!

हं. तर मी तायनाराला विचारलं, पोरी, नख कापलं की वाढतं, केस कापला की वाढतो, गिऱ्हाइकाची कातडी चुकून कापली गेली तर तीही भरून येते, मग ही पाठीतली दोरीच का रुसून बसते? ती म्हणाली, मावशी, ह्याच प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही सगळे तिथे बसलोय. तर ऐका. बोटातली नस कापली गेली तर ती वाढते. हळूहळू, पण वाढते. पाठीच्या कण्यातली नाही वाढत. एकाच माणसाच्या अंगात दोन कायदे! का? तर बोटात नस तुटली की तिथल्या पेशी आधी केरकचरा काढतात, रस्ता झाडून देतात, ये बाई म्हणतात. आणि कण्यात? कण्यात तुटली की ज्या पेशी धावत येतात त्या भिंतच बांधून टाकतात. जखम पसरू नये म्हणून हो, त्यांचा हेतू वाईट नाही. पण भिंत ती भिंत. वर तिला काटे लावतात, आणि ते काटे साखरेचे असतात म्हणे — साखरेचे काटे! मी तीनदा विचारलं, तायनारा म्हणाली, हो मावशी, साखरेचेच. आणि नसेवर जे वेष्टन असतं ना, ते फुटलेलं असतं, त्यात एक प्रोटीन असतं, त्याचं नाव काय ठेवलंय सांगू? नोगो. इंग्रजीत म्हणजे ‘जायचं नाही’. शास्त्रज्ञांनी ठेवलंय नाव, मी नाही. आता तंतू बिचारा वरून येतो, त्याचं टोक कसं, तर पंज्यासारखं — बोटं पसरा बरं, हां, अशी — असा चाचपडत येतो, चाचपडत येतो, आणि त्या नोगोला टेकला रे टेकला की मूठ मिटून घेतो. मिटा मूठ. — एवढी घट्ट नको हो, अंगठा राहिलाय माझा!

आणि लॅमिनिन काय करतं? ते खाली अंथरायचं. तंतूच्या टोकाला पकडायला बारीक हात असतात, ते लॅमिनिनला धरतात आणि एकेक पकड घेत पुढे सरकतात. बाळ पोटात असताना असं जागोजाग अंथरलेलंच असतं, म्हणून तर त्याच्या नसा बरोबर पायाच्या अंगठ्यापर्यंत जातात, वाट चुकत नाहीत. मोठेपणी कोण अंथरणार? शिवाय तंतूच्या आतच एक ब्रेक असतो, वयात आलं की तो लागतो, मग त्याला स्वतःलाच वाढायची इच्छा राहत नाही. हे मात्र मला एका फटक्यात समजलं. पन्नाशीनंतर माझंही तसंच झालंय.

— कोणासाठी म्हणजे? कोणासाठी काय, विज्ञानासाठी. लोकांच्या कल्याणासाठी. — बरं बाबा, नवऱ्यासाठी. हात हलवू नका, लागेल. जेनिवाल्दो त्याचं नाव. रंगारी. मोठमोठ्या इमारतींना बाहेरून रंग द्यायचा, दोरावर लटकून. मी खाली डोळे मिटून उभी आणि हा वरून गाणी म्हणायचा. इतकी वर्षं, कधी खरचटलं नाही. आणि गेल्या कार्निव्हलला, सोमवारी, आम्ही सगळे समुद्रावर गेलो, साहेबांनी खडकावरून सूर मारला — ओहोटी होती. गुडघाभर पाणी! आकाशातून पडला नाही आणि गुडघाभर पाण्यात मोडला. सगळ्यांना वाटलं सोंग करतोय, तो करायचाच तसली सोंगं. — हो, छातीच्या खाली काही नाही. हात चालतात. डोकं चालतं. तोंड — तोंडाचं काय सांगू तुम्हाला!

भांडखोर होता हो! आमच्या टेकडीवर त्याच्याइतका भांडखोर माणूस दुसरा नव्हता. पाणी सोडणाऱ्याशी भांडण, बसवाल्याशी भांडण, चर्चमध्ये पाद्रीबाबाशी भांडण की घंटा उशिरा वाजवली. माझ्याशी तर रोज, नेमानं. आम्ही सुरू झालो की शेजारी टीव्ही बंद करून ऐकायचे. आणि आता? ‘बरं.’ काहीही विचारा, ‘बरं.’ जेनी, जेवतोस? बरं. खिडकी लावू? बरं. एकदा मुद्दाम घेवड्यात मीठच घातलं नाही, म्हटलं बघू तरी — पूर्वी ह्याच्यावरून ताट अंगणात गेलं असतं! — तर सगळं संपवलं आणि म्हणाला, बरं झालंय. मी आत जाऊन रडले. तुम्हाला हसू येतंय, पण अळणी घेवडा मुकाट्यानं खाणाऱ्या नवऱ्याबरोबर राहून बघा. आणि घराबाहेर एकदाही पडलेला नाही. घर टेकडीवर, खाली उतरायला पायऱ्याच पायऱ्या. चार पोरं खांद्यावर घेऊन जायला तयार आहेत, आनंदानं. नाही! म्हणतो, मी मिरवणुकीतला संत सेबास्तियाँव नाही. काल नातू झाला, पहिला नातू, तर हॉस्पिटलात आला नाही. मी फोनवर दाखवला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, बरं आहे पोरगं.

ही दुसरी बोटं आणखी वाईट आहेत. ह्या करंगळीला काय झालंय? — राहू दे, सांगू नका.

तर मी भेटले की तायनाराच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना. बाई चांगल्या आहेत, कॉफी दिली. सरळच बोलल्या. म्हणाल्या, दोना लेउझा, हे औषध अजून तपासणीतच आहे, आणि जी काही आशा आहे ती जखम ताजी असताना, पहिल्या थोड्या दिवसांत. तुमच्या नवऱ्याच्या जखमेची भिंत आता पक्की झाली. जुन्या जखमेवर आम्ही सध्या फक्त उंदरांवर काम करतोय. — बघा! काम करतोय म्हणाल्या की नाही? नाही तर नाही म्हणाल्या! मग मी म्हटलं, द्या ना उंदरांना, मला काय, आधी उंदीर चालू दे, मग माझ्या नवऱ्याचा नंबर. आणि माझी लेक गरोदर आहे, मी घरचीच वार आणून देते, त्याच्याच रक्तामांसाची, ती त्याला लवकर मानवेल. तर त्या म्हणतात, बाई, लॅमिनिनला आडनाव नसतं. कोणाचंही चालतं. आणि आमच्याकडे हॉस्पिटलातून रीतसर तपासून येतं, तुम्ही असं काही घेऊन येऊ नका. — कॉफी दिली होती म्हणून मी गप्प बसले. पण घरच्या कोंबडीच्या अंड्याची चव वेगळी लागते की नाही? मग! लॅमिनिनला आडनाव नसतं म्हणे. सगळ्यांनाच असतं.

हे एवढं सरळ होतं. त्यात आली विहीणबाई. दोना झुल्मिरा. जावयाची आई, पाराइबाकडची, त्या कोरड्या मुलखातली. लेकीचे दिवस भरत आले तेव्हाच येऊन दाखल झाली, येताना एक फावडं आणि त्यांच्याकडच्या उंबूच्या झाडाचं रोप घेऊन. विमानात नाही घेतलं फावडं, म्हणून बसनं आली! त्यांच्याकडे काय आहे, नाळ-वार पुरायची अंगणात, वर झाड लावायचं, म्हणजे पोराला मूळ राहतं, कुठेही गेलं तरी परत येतं. बरं, पुरली नाही आणि उंदरानं नाळ खाल्ली, तर पोरगं चोर होतं. — तुमच्याकडेही म्हणतात? बघा, सगळीकडे म्हणतात, माझी आईसुद्धा म्हणायची. तर मी लेकीच्या खाटेशी उभी राहून नर्सकडून वार मागून घेतली, आणि जावई बोलून गेला ना, बावळट, की आई, सासूबाई ती उंदरांच्या प्रयोगशाळेत नेणार आहेत. झालं! विहीणबाईनं कपाळावर हात मारला तो आख्ख्या वॉर्डात ऐकू गेला. उंदीर! माझ्या नातवाचं उंदरांना!

मी म्हटलं, विहीणबाई, नाळेचा तुकडा अजून पोराच्या बेंबीलाच आहे, तो पडू दे, तो तुम्ही खुशाल पुरा, चांदीच्या डबीत घालून पुरा. ही वार आहे, वेगळी. तर म्हणते, दोरी एकच ना? एक टोक माझ्या नातवाच्या पोटात आणि दुसरं टोक उंदराच्या पाठीत! — आता बोला. मी म्हटलं, अहो उंदीर खात नाहीत ती, त्यांना औषध टोचतात, सुईनं, पाठीत. तर म्हणते, खाल्लं काय आणि टोचून घेतलं काय, अंगात गेलं ना? उलट खाल्लेलं दुसऱ्या दिवशी बाहेर तरी पडतं! मी म्हटलं, गटारातले उंदीर नाहीत हो ते, पांढरेशुभ्र असतात, युनिव्हर्सिटीतले. तर म्हणते, मग पोरगं शिकलेला चोर होईल, ते जास्त वाईट. नर्स हसून हसून भिंतीला टेकली. मला इतका संताप आला की मी म्हटलं, माझ्या भावाची, ओदिलोनची नाळ खरोखर उंदरानं पळवली होती, आईनं खिडकीत वाळत ठेवली होती तिथून, आणि तो कुठे चोर झाला? चांगला नगरसेवक झाला! — विहीणबाईनं कपाळावरचा हात काढला. नुसती माझ्याकडे बघत राहिली. नर्सपण बघत राहिली. मग माझ्याही लक्षात आलं, की हे उदाहरण जरा चुकलंच.

— काय? — हो, नितेरॉयला, आमच्या घराच्या बाजूला चाललीय बोट. मग? मला दिसत नाही का? पूल कोणत्या हाताला आहे आणि विमानं कुठे उतरतायत ते बघून सांगते मी, जन्म गेला इथे. — म्हणजे प्रयोगशाळा मागे राहिली. हो, राहिली मागे! रिओत राहिली! एवढं मोठ्यानं सांगायची गरज नाही. — उतरले नाही असं नाही हो. उतरले. तिकडच्या धक्क्यावर उतरले, बेटाकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यापर्यंत गेले, बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर म्हणाला, चढताय का बाई? आणि माझ्या तोंडून निघालं, नाही. परत बोटीत. मग इकडे नितेरॉयला उतरले, टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि — परत बोटीत. सकाळपासून हेच चाललंय. तो फाटकावरचा माणूस मघाशी म्हणाला, दोना, तुम्ही पासच का काढत नाही? बर्फ मासळीवाल्यानं दिला नवा, तोही म्हणाला, काय आहे आत? मी म्हटलं, मासा आहे. म्हणाला, कोणता? — द्या हो तो अंगठा इकडे.

— काय विचारलंत? नवऱ्याला माहीत आहे का? — इथे दुखतंय का तुम्हाला? नाही? मग गप्प बसा जरा.

— माहीत आहे.

सकाळी खड्डा तयार झाला. आमचं अंगण केवढं, तर टॉवेल वाळत घालावा एवढं, तेही सिमेंटचं. जावयानं पहार घेऊन फोडलं. विहीणबाई रोप धरून उभी, सणाचे कपडे घालून. मी फ्रिजमधून हा डबा काढला आणि जेनिवाल्दोच्या खिडकीशी नेला. म्हटलं, जेनी, तू एक शब्द बोल. घर तुझं आहे, अंगण तुझं आहे, पाठ तुझी आहे. तू त्या बाईला सांग की लेउझा ही प्रयोगशाळेत नेणार, कोणी आडवं यायचं नाही. तो खड्ड्याकडे बघत होता. म्हणाला, पूर, लेउझा. मी म्हटलं, काय? म्हणाला, पूर ती. आणि माझं हेही त्यातच पूर. — हे म्हणजे काय ते मला विचारू नका. पाय नव्हे. पाय काय, आहेतच. हे म्हणजे — शुक्रवारी तायनाराला खोदून खोदून विचारणं. टीव्हीवर मणक्याचं काही लागलं की आवाज वाढवणं. रोज संध्याकाळी त्याच्या पायाच्या अंगठ्याला टाचणी लावून ‘कळतंय का जेनी, कळतंय का’ करणं. ते सगळं. आणि आवाज कसा होता माहितीये? भांडणाचा नाही. चिडून म्हणाला असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. समजूत घातल्यासारखा. लहान मुलाला घालतात तशी, माझी! मी डबा उचलला आणि सुटले. विहीणबाई मागून ओरडत होती. चपला बघा माझ्या, एक माझी आहे, एक तिची.

आता तुम्ही म्हणाल, मग बसमध्ये का नाही चढलात? — म्हणायचंय ना? म्हणा की. — भिते मी. उंदराला भिते. हसा, हसा! सगळा वॉर्ड हसवला मी विहीणबाईवर, आणि बसचं दार उघडल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ते पोरगं आलं, एवढीशी मूठ मिटलेली, आणि मनात आलं, बाईचं खरं असलं तर? माझ्या हट्टापायी त्याचं काही वाईट झालं तर? आणि टेकडी का चढवत नाही, तर तो खड्डा. ही त्यात गेली, वर माती पडली, रोप लागलं, की संपलं ना हो. मग मी रोज संध्याकाळी त्याला विचारू काय? तो म्हणणार बरं, आणि मीही म्हणणार बरं. समोरासमोर बसून दोघं बरं-बरं करत म्हातारी होणार. मला नाही जमायचं ते. त्यापेक्षा ही बोट बरी, निदान हलते तरी.

एक विचारू भाऊ? — नाही, पैसे नकोत म्हटलं ना. तुम्हीच न्याल का हा डबा? उद्या न्या, आज संध्याकाळी न्या, जमेल तसं. फाटकावर तायनाराचं नाव सांगायचं. परक्याच्या हातून गेली तर पोराला लागत नाही. — असं कोण म्हणतं? मी म्हणतेय. विहीणबाईचे नियम असतील तर माझे का नसावेत? आणि डॉक्टरीणबाईंनी मला आणू नका म्हटलंय, तुम्हाला कुठे म्हटलंय? तुमचा चेहरा सभ्य आहे, तुम्हाला कॉफीपण देतील. — नाही? — खरंच नाही? — नखं करून दिली तुमची! — बरं. — ऐकलंत? आता मी पण बरं म्हणायला लागले.

आला वाटतं धक्का. घ्या तुमचा हात. एकच झाला, दुसऱ्यावर नुसती कानस फिरली, तो घरी बायकोला दाखवा आणि म्हणा, बोटीत एक वेडी भेटली होती. मी? मी बसते. सगळे उतरेपर्यंत बाथरूममध्ये थांबते, मग परत — हे कसलं वाजतंय? — ते हो, ट्यांव-ट्यांव, ऐका. गॅसवाल्याची गाडी वाजते ना गल्लीतून, तसं. गॅसवाला धक्क्यावर कशाला मरायला येईल? — थांबा. सरका जरा, बघू द्या. — तो आमच्या टेकडीवरचाच गॅसवाला आहे, एवेराल्दो. लाल मोटरसायकल, बाजूला ती जोडगाडी, तिच्यात सिलिंडर. आणि सिलिंडरांच्या मधे — नाही. नाही, नाही. — भाऊ, तुमचे डोळे तरुण आहेत, तुम्ही बघा. सिलिंडरांच्या मधे कोणी बसलंय ना? पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट? उलटा घातलाय का? — उलटाच ना! घाईत स्वतःच चढवला असणार! — अग आई, जेनीच तो! पट्ट्यानं बांधलाय त्याला, सिलिंडर आवळतात तसा आवळलाय! पायऱ्यांवरून कसा आणला असेल? कोणाच्या खांद्यावर बसला असेल हा माणूस?

हात हलवतोय म्हणता? तो हात हलवत नाही हो, तो बोट रोखतोय. माझ्यावर. आणि ओरडतोय, बघा, मानेच्या शिरा बघा. काय म्हणतोय? ह्या मेल्या इंजिनात काही — ‘वेडी’ म्हणाला. ऐकलंत? ‘वेडी बाई’! परत म्हणाला! — ‘अख्खी टेकडी शोधतेय’ — शोधू दे! — कॉफी चुलीवर ठेवून गेलीस, भांडं जळून कोळसा झालं, म्हणतोय. — आता काय? आता माझ्या आईवर गेला! भाऊ, ऐकलंत ना, माझ्या आईवर गेला! सगळ्या धक्क्यासमोर! वर्ष झालं हो, वर्ष झालं, एकदा माझ्या आईचं नाव काढलं नव्हतं त्यानं. — रडतेय, मग काय करू? रडू द्या मला.

— तूच वेडा! ऐकू आलं का? तूच वेडा, तुझा बाप वेडा! — डबा? डबा राहू द्या तिथे — नाही, नाही, द्या इकडे, ह्याच्यावरूनच तर भांडायचंय. अहो, व्हा ना बाजूला, दाराशी कसले उभे राहता! तुमचं झालं काम, जा घरी. मला आधी उतरू द्या. — आले रे, आले! आणि कॉफी जळत होती तर वास नाही आला तुला? नाक तरी धड आहे ना तुझं!